फर्स्ट क्लासचा पास

"डेडिकेटेड प्रायव्हेट व्हर्च्युअल सर्किट." या चार शब्दांतला नेमका कोणता शब्द खरा, हा प्रश्न मला गेले काही महिने छळतोय. डेडिकेटेड म्हणावं तर वायर आपली एकट्याची नाही. प्रायव्हेट म्हणावं तर त्यातून जाणारा डेटा आपोआप एनक्रिप्ट होत नाही, ते आपलं आपण बघायचं. सर्किट म्हणावं तर शाळेत बॅटरी आणि बल्ब जोडून केलं होतं, तसलं यात काही नाही. राहता राहिला व्हर्च्युअल. तो मात्र शंभर टक्के खरा. :)

हे पुराण कशासाठी, तर आमच्या कंपनीने चाकणच्या कारखान्याचा ईआरपी क्लाउडवर हलवला. ऑर्डर, स्टोअर, डिस्पॅच, बिलं, सगळं. मायक्रोसॉफ्टच्या अझूरचं एक रीजन पुण्यात आहे, २०१५ मध्ये सुरू झालेलं. त्याचं नाव 'सेंट्रल इंडिया'. (पुणे हा भारताचा मध्य आहे, यावर कुणा पुणेकराची हरकत असायचं कारण नाही.) तिथपर्यंत पब्लिक इंटरनेटवरून जायला नको म्हणून एक्सप्रेसरूट घ्यायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं.

ज्यांचा नेटवर्कशी संबंध नाही त्यांनी मुंबईच्या लोकलचा फर्स्ट क्लास डोळ्यासमोर आणावा. रूळ तेच, मोटरमन तोच, सिग्नल तोच. मधे फक्त एक पत्रा. इथेही तसंच. कारखान्यातल्या राउटरपासून प्रोव्हायडरच्या फायबरवरून एका ठरलेल्या डेटा सेंटरपर्यंत जायचं, तिथे मायक्रोसॉफ्टचे दोन राउटर असतात, त्यांना गाठायचं. वाटेत त्याच स्विचमधून इतर कंपन्यांचाही माल जात असतो. आपल्या पॅकेटवर व्हीलॅनचा एक नंबर चिकटवलेला असतो, तोच आपला पास. इंटरनेटची धक्काबुक्की नाही, बँडविड्थ ठरलेली. पण रविवारी मेगाब्लॉक असला की फर्स्ट क्लासवालासुद्धा प्लॅटफॉर्मवरच उभा असतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्या प्रोव्हायडरची जोडणी मुंबईत. म्हणजे चाकणचं पॅकेट घाट उतरून मुंबईला जातं, तिथून मायक्रोसॉफ्टच्या नेटवर्कवरून पुन्हा घाट चढून पुण्याला येतं. हे ऐकून आमच्या प्लांट हेडनी कपाळाला हात लावला होता. पण फायबरमध्ये प्रकाशाला एक किलोमीटर जायला सुमारे पाच मायक्रोसेकंद लागतात. जाऊन-येऊन सहाशे किलोमीटर धरले तरी तीन मिलिसेकंद. तेवढ्यात पापणीही लवत नाही.

कॉन्फिगरेशन तसं फार नाही. पोर्टलवर सर्किट तयार केलं की एक सर्व्हिस की मिळते, ३६ अक्षरांची. ती प्रोव्हायडरला द्यायची, मग तो आपलं टोक जोडतो. बिल मात्र की हातात पडल्यापासून सुरू, प्रोव्हायडरने काम केलेलं असो वा नसो. म्हणजे साखरपुड्याच्या दिवसापासून कार्यालयाचं भाडं! त्यामुळे फायबर गेटपर्यंत आल्याशिवाय मी पोर्टलला हात लावला नाही. मग दोन छोटे सबनेट द्यायचे, स्लॅश ३० चे. प्रत्येकात वापरता येण्यासारखे पत्ते दोनच: पहिला आपल्या राउटरला, दुसरा त्यांच्या. आपला एएस नंबर सांगायचा (६५५१५ ते ६५५२० सोडून, ते राखीव आहेत), त्यांचा १२०७६. मग दोन्हीकडचे राउटर बीजीपीवर बोलायला लागतात, "माझ्याकडे अमुक पत्ते राहतात, तुझ्याकडे कोण?" बोलले नाहीत तर बीजीपीच्या मागे लागण्याआधी एआरपी टेबल उघडावं. समोरच्याचा मॅक अ‍ॅड्रेसच दिसत नसेल तर बहुधा मधल्या कुणाच्या तरी स्विचवर व्हीलॅनचा नंबर चुकलेला असतो.

खरा विषय यानंतरचा.

एक्सप्रेसरूटच्या प्रत्येक सर्किटला दोन जोडण्या असतात, प्रायमरी आणि सेकंडरी. मायक्रोसॉफ्टची हमी ९९.९५ टक्क्यांची, म्हणजे तीस दिवसांत बावीस मिनिटांपेक्षा कमी बंद. पण ही हमी त्यांच्या टोकाची. आमच्या गेटपासून मुंबईपर्यंतच्या मातीत काय होतं, ते त्यात नाही. म्हणून आम्ही प्रोव्हायडरकडे दोन वेगळ्या वाटा मागितल्या होत्या: एक तळेगावच्या बाजूने, दुसरी मोशी-भोसरीवरून. त्यांच्या पीपीटीत एक निळी आणि एक केशरी अशा दोन सुंदर रेघा होत्या. मी म्हटलं, रेघा नकोत, केएमझेड फाइल पाठवा. ती यायला तीन आठवडे लागले. गूगल अर्थवर उघडली. दोन्ही वाटा खरोखरच वेगळ्या, पार मुंबईपर्यंत. फक्त एमआयडीसीच्या चौकापासून आमच्या गेटपर्यंतचे चारशे मीटर निळ्यावर केशरी बसलेली. मी झूम करून पाहिलं, तरी एकच रेघ.

प्रोव्हायडरच्या माणसाला फोन लावला.

"सर, डक्ट वेगळे आहेत."

"आणि खड्डा?"

"खड्डा... खड्डा एकच आहे, सर."

त्या चौकात दरवर्षी काही ना काही खणतात. कधी ड्रेनेज, कधी पाणी, कधी गॅस. जेसीबीवाल्याला डक्ट एक आहे की दोन, याच्याशी देणंघेणं नसतं. मेगाब्लॉक म्हणालो तो हा.

चौकाचं काय करायचं ते ठरेपर्यंत निदान बाकीच्या मार्गाची परीक्षा तरी घ्यावी म्हणून एका रविवारी फेलओव्हर टेस्ट लावली. बरेच जण अशी टेस्ट आपल्या रॅकमधली केबल उपसून करतात. माझ्या मते तो देखावा असतो. केबल काढली की पोर्ट लगेच डाउन होतो आणि राउटर क्षणात दुसऱ्या वाटेला लागतो. खरी केबल तुटते ती मधे कुठेतरी, तळेगावच्या पुढे. तेव्हा आमच्या रॅकमधला प्रोव्हायडरचा डबा जिवंत, पोर्टचा दिवा हिरवागार. पलीकडून कुणी बोलत नाही हे आमच्या राउटरला कळतं बीजीपीचा होल्ड टायमर संपल्यावर, म्हणजे नेहमीच्या सेटिंगमध्ये १८० सेकंदांनी. म्हणून प्रायमरी मुंबईकडून बंद करायला लावली.

डिस्पॅचचे मामा शेजारी बसून होते. त्यांची स्क्रीन गोठली.

"तीन मिनिटं लागतील, मामा."

"तीन मिनिटांत काय साहेब, चहा होतो." मग थोडं थांबून म्हणाले, "पण महिनाअखेरीला तीन मिनिटांत गाड्यांची रांग हायवेला लागते. ई-वे बिलाशिवाय मी एक गाडी सोडू शकत नाही."

खरंच आहे. ठरावीक किमतीच्या वरचा माल असला की गाडी हलायच्या आधी ते बिल लागतं. त्यात मधेच तुटलेलं सेशन पुन्हा लॉगिन, पुन्हा एंट्री... तीन मिनिटांची दहा कधी होतात, कळतही नाही.

यावर उपाय सोपा आहे आणि फुकट आहे, बीएफडी. दोन राउटर एकमेकांना दर ३०० मिलिसेकंदांनी हाक मारतात. तीन हाका चुकल्या की वाट बदलली. म्हणजे सेकंदाच्या आत. मायक्रोसॉफ्टच्या बाजूला ते असतंच, आपल्या राउटरवर चालू करावं लागतं. चालू केलं आणि पुन्हा मुंबईला फोन केला.

"कधी बंद करताय?" मामांनी थोड्या वेळाने विचारलं.

"बंद करून चालूही झालं, मामा."

त्यांनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं.

चौकापासून गेटपर्यंत दुसऱ्या बाजूने खणायचं कोटेशन आलंय. फायनान्सचा प्रश्न अपेक्षित होता, "आत्ता चालतंय ना?" रिस्क रजिस्टरमध्ये 'मीडियम' वगैरे न लिहिता मी सरळ लिहिलं: चारशे मीटर, एक खड्डा, दोन केबल, तुटल्यास डिस्पॅच बंद. फाइल अजून टेबलावर आहे. तोवर छतावर एक फाइव्ह-जी राउटर लावून त्यावरून व्हीपीएन बांधलाय. त्यात एकच पथ्य पाळलं. व्हीपीएनवरून सर्किटपेक्षा बारीक पत्ते सांगायचे नाहीत, कारण राउटर नेहमी जास्त नेमक्या पत्त्यामागे जातो. तसं झालं तर धडधाकट सर्किट सोडून सगळा माल छतावरून जाईल. व्हीपीएनवर रिपोर्ट रखडतात, पण ई-वे बिल निघतं. मामांना तेवढं पुरेसं आहे.