उद्या या!

गेली वीस-बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून मी दोन शब्दांवर संसार रेटला आहे : ‘उद्या या!’ या दोन शब्दांत केवढी ताकद आहे, हे काउंटरच्या पलीकडे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मला ते कळायला २०२१ साली मोटार घ्यावी लागली.

निमित्त अण्णांचं, म्हणजे वडिलांचं. त्यांचे गुडघे संपावर गेले आणि स्कूटरवर मागे बसणं बंद झालं. पण ‘एकदा गावच्या देवीला जाऊन येऊ’ हे पालुपद चालूच. गणपतीत गाडी नोंदवली. शोरूमवाल्यानं पेढा दिला, दसऱ्याचा मुहूर्त दिला, वर सल्लाही दिला, ‘‘पूर्ण पैसे भरलेत तर नंबर लवकर लागेल.’’ लोकांना ‘माल बघितल्याशिवाय पैसे सोडू नका’ असं बजावणारा मी कर्ज काढून मोकळा झालो. बी. कॉम.ला शिकलो होतो, येईल ते नावे, जाईल ते जमा. इथं जायचं ते गेलं, यायचं ते येईना. गाडी चालू होण्याआधी हप्ता चालू झाला!

दसऱ्याला गेलो, तर टाय लावलेला मुलगा म्हणाला, ‘‘सर, चिप नाही. जगभर टंचाई आहे.’’

घरी सांगितलं, तर ही म्हणते, ‘‘एवढ्या मोठ्या गाडीत एक चिप नसली तर काय अडतं? नंतर बसवू म्हणावं.’’

पण इंजिनापासून एअरबॅगपर्यंत सगळ्यांचा मेंदू म्हणजे त्या नखाएवढ्या चिपा. कोरोनात मोटारवाल्यांनी त्यांच्या ऑर्डरी रद्द केल्या; तो माल काँप्युटर-मोबाइलवाल्यांनी उचलला. मोटारवाले परत मागायला गेले, तेव्हा त्यांनाही कुणीतरी सांगितलं असणार, ‘उद्या या!’

दिवाळी गेली, संक्रांत गेली. अण्णा शांत. म्हणाले, ‘‘मी स्कूटरचा नंबर लावला १९७४ साली. तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. स्कूटर आली १९८१ला, तेव्हा पुढं उभा राहायला तू तयार होतास! मला सात वर्षं लागली. तुला अजून सात महिनेही झाले नाहीत. देश पुढं गेलाय रे.’’

मग जरा थांबून हळूच म्हणाले, ‘‘फक्त तेव्हा माझ्याकडे सात वर्षं होती.’’

दुसऱ्या दिवशी काउंटरवर एक पेन्शनर आजोबा पासबुक घेऊन आले. ओठांवर आलेले दोन शब्द मी गिळले आणि म्हणालो, ‘‘बसा आजोबा, पाच मिनिटांत भरून देतो.’’ आजोबा घाबरून मागं बघायला लागले. शेजारच्या टेबलावरून चौकशी आली, ‘‘बरं वाटत नाहीये का तुला?’’

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. गाडी आली! हार घातला, नारळ फोडला. अण्णा टोपी सारखी करून पुढच्या सीटवर बसले. दुपारचे दोन वाजले होते. मी सवयीनं बोलून गेलो, ‘‘अण्णा, देवीला उद्या जाऊ.’’

अण्णांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. गाडी आपसूक गावच्या रस्त्याला लागली.