वाहता नळ

ईशज्ञानाच्या अभ्यासासाठी आम्ही रोमला होतो तेव्हाची गोष्ट. जानिकुलो टेकडीवरील उर्बानियाना विद्यापीठातील तास संपले, की बसभाडे वाचवून शहर पायी धुंडाळण्याचा आम्हांला छंद जडला होता. एका दुपारी त्रास्तेवेरेच्या बोळांत वाट चुकलो. घसा कोरडा, खिशात लिरा बेताचेच. कोपऱ्यावर एक लोखंडी नळ अखंड वाहत होता. १८७४ पासून उभारलेल्या अशा सुमारे २,५०० नळांना रोमकर ‘नासोने’, म्हणजे मोठे नाक, म्हणतात. आम्ही वाकून ओंजळ धरली, तो सदराच भिजला. एक आजीबाई हसल्या. त्यांनी बोटाने नळाचे तोंड दाबताच वरच्या छिद्रातून धार उसळली! पोटभर प्यायलो. मग नळ बंद करावा म्हणून चावी शोधू लागलो, ती नव्हतीच. यवतमाळच्या मुलाला ते वाहते पाणी पाहवेना.

२०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळला पाणी पुरविणारे निळोणा धरण आटले. टँकरच्या रांगेत उभ्या एका मावशींनी, नुकत्याच भरलेल्या घागरीतून तांब्याभर पाणी आमच्यापुढे धरले. आम्ही नको म्हणालो. त्या रागावल्या, “प्या ना जी, फादर!” रोममध्ये पोटभर प्यायलेल्या आम्ही त्या दिवशी प्रथमच घोट मोजले.