अर्धें युनिट

आजाऱ्याच्या उशाशीं बसणाऱ्यास औषधाची मात्रा वाढविण्याचा मोह होतो, तो निष्काळजीपणामुळें नव्हे; प्रेमामुळें होतो. थोड्यानें इतका गुण येतो, तर अधिकानें अधिक कां येऊं नये, असा त्याचा भाबडा हिशेब असतो. हा हिशेब किती घातक ठरूं शकतो, हें आम्हांस आमच्या बोक्याच्या शुश्रूषेंत कळलें.

गुंड्याचें वय अकरा वर्षें, वजन साडेसहा किलो. पाण्याचें भांडें दिवसांतून तीन वेळां रिकामें होऊं लागलें, भूक वाढली आणि अंग मात्र झडूं लागलें, तेव्हां पशुवैद्यांनीं रक्त तपासून मधुमेहाचें निदान केलें. लठ्ठ, उतारवयाच्या आणि खच्ची केलेल्या बोक्यांत हा रोग विशेष आढळतो. आमचा गुंड्या या तिन्ही कसोट्यांस उतरला! सकाळीं एक युनिट व बारा तासांनीं एक युनिट इन्शुलिन टोचावयाचें, असें ठरलें.

"मांजरासाठीं एवढा खटाटोप?" असें एका स्नेह्यांनीं विचारलें. त्यांस आम्हीं इतिहासच सांगितला. १८८९ सालीं स्ट्रासबुर्ग येथें मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढलें आणि त्यास मधुमेह जडला. १९२१ सालीं टोरंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्शुलिनाचा गुण दाखविला. आणि जानेवारी १९२२ मध्यें लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास तें टोचण्यांत आलें. मुक्या प्राण्यांच्या जिवावर माणसानें मिळविलेलें औषध एका मुक्या प्राण्यास मिळालें, तर त्यांत उपकार कसला? ती परतफेड आहे.

ही परतफेड मात्र फार बारीक मापानें करावी लागते. गुंड्याचें इन्शुलिन ग्लार्जीन जातीचें, दर मिलिलिटरास १०० युनिटें या प्रमाणाचें. आपल्याकडे ४० युनिटांच्या मापाच्या पिचकाऱ्याही मिळतात. त्यांचें टोपण तांबडें, शंभराच्या पिचकारीचें नारिंगी. एका दुकानदारानें आमच्या हातीं तांबड्या टोपणाची पिचकारी ठेविली आणि "सगळ्या सारख्याच," असें आश्वासनही दिलें. तिच्यावरील एका युनिटाच्या खुणेपर्यंत आमचें औषध भरलें असतें, तर गुंड्याच्या अंगांत एकाऐवजीं अडीच युनिटें गेलीं असतीं. पशुवैद्यांनीं आधींच बजाविलें होतें, म्हणून आम्हीं ती तेथल्या तेथें परत केली.

मात्रा ठरविण्याची रीतही अशीच संयमाची आहे. एखाद्या दिवशीं घरींच दर दोन तासांनीं कानाच्या कडेस बारीक सुई टोंचून रक्ताचा थेंब घ्यावयाचा, यंत्रावरील आंकडा वहींत टिपावयाचा आणि बारा तासांचा चढउतार पाहावयाचा. नवख्यास सर्वांत मोठ्या आंकड्याची धास्ती वाटते. वैद्यांचें लक्ष मात्र सर्वांत लहान आंकड्याकडे असतें. कारण साखर चढलेली राहिली, तर ती दिवसांनीं व महिन्यांनीं अपाय करते. फार उतरली, तर झोकांड्या, झटके आणि मृत्यु यांस कांहीं तासच पुरतात. म्हणून त्या तळाच्या आंकड्यास आणखी उतरण्यास जागा दिसली, तरच मात्रा अर्ध्या युनिटानें वाढवावयाची, आणि मग पांच-सात दिवस तिला हात लावावयाचा नाहीं. औषध अंगीं स्थिरावण्यास तितका अवधि द्यावाच लागतो. शिवाय मांजराची साखर नुसत्या भीतीनेंही चढते. दवाखान्यांतील आंकडा पुष्कळदां रोगाइतकाच घाबरण्याचाही असतो.

गेल्या श्रावणांतील एक संध्याकाळ आम्हांस विशेष आठवते. मात्रा तेव्हां दोन युनिटांवर आली होती. दिवसभर खालच्या चौकांत ढोल-ताशांचा सराव चालला होता आणि गुंड्या कपाटामागें दडून बसला होता. तो कसाबसा जेवला. टोचण्यापूर्वीं रक्त पाहिलें, तों आंकडा ४१२!

"अहो, आजच्यापुरतें एक युनिट जास्त द्या ना," सौभाग्यवती म्हणाली. "त्याच्याकडे बघवत नाहीं."

मनांतून आम्हांसही तेंच हवें होतें. परंतु वहीच्या पहिल्याच पानावर वैद्यांची आज्ञा लिहिलेली होती: एका आंकड्यावरून मात्रा वाढवूं नये. दोनच युनिटें टोंचलीं. पुढें ढोल थांबले. साडेबाराच्या सुमारास पुन्हां रक्त पाहिलें, तों आंकडा ९४. कांहीं वेळ कोणीच बोललें नाहीं. आणखी एक युनिट दिलें असतें, तर तो कोठें जाऊन थांबला असता, हें सांगावयास नको होतें. हिरड्यांस चोळण्याकरितां ठेविलेली मधाची बाटली सौभाग्यवतीनें जवळ आणली, आणि आम्ही दोघें तीन वाजेपर्यंत त्याच्या शेजारीं बसून राहिलों.

माणूस रोगी असला, तर "घेरी येते" असें तरी म्हणतो. मांजर कांहीं म्हणत नाहीं; त्याच्या वतीनें घरांतील वस्तूंनाच बोलावें लागतें. भांड्यांत पाणी किती उरलें, वाळू किती भिजली, वजनाचा कांटा कोठें थांबला, हेंच त्याचें गाऱ्हाणें. साखरेनें मज्जातंतू दुखावल्यामुळें गुंड्या मागल्या पायांच्या टांचा टेकून चालूं लागला होता. आतां तो पुन्हां चवड्यांवर चालतो आणि दोन प्रयत्नांत खिडकींत चढतो. मात्रा आज अडीच युनिटांची आहे. रोग लवकर ओळखला, पिष्टमय पदार्थ टाळून मांसाहार दिला आणि साखर ताब्यांत राहिली, तर कांहीं मांजरांस पुढें इन्शुलिनाची गरजच उरत नाहीं. गुंड्याच्या दैवीं तें असेल, तर तेथेंही अर्ध्या-अर्ध्या युनिटानेंच उतरत जावें लागेल.

प्रेमास मोठें माप आवडतें. पण ज्याचा जीव सांभाळावयाचा, त्यास किती सोसवतें हें पाहून हात आखडणें, हेंही प्रेमाचेंच काम आहे. येत्या रविवारीं पुन्हां वही उघडावयाची. तोंवर मात्रा तीच.