गोळी घेतली का?

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांचे वडील, नाना, पहिल्यांदा भेटतात तेव्हा आपण हसतो. १८५७ च्या धामधुमीत नानांच्या सासऱ्यांना फाशी झाली, त्या धक्क्याने त्यांच्या डोक्यात सोवळं शिरलं, आणि मग बाजारातून आलेलं काहीही धुतल्याशिवाय घरात येईना. धान्य धुवायचं, मीठसुद्धा धुवायचं. लक्ष्मीबाई हे इतक्या खुमासदारपणे सांगतात की ते धुणारे हात कुणाचे होते, हे विचारायचं आपण विसरून जातो. आज एखादा मानसोपचारतज्ज्ञ त्याला आजार म्हणेल, औषध देईल. तेव्हा तो घरधन्याचा आचार होता, आणि तो पाळण्याचं काम बायको-मुलांचं होतं.

मला ते प्रकरण पुन्हा वाचताना आता हसू कमी येतं. कारण आमच्याकडेही असाच एक आचार होता. त्याचं नाव बीपी.

‘बाबांना बीपी आहे’ हे वाक्य मी बाराखडीच्याही आधी शिकले असेन. रेडिओ हळू लावायचा तो बीपीमुळे. भांडं पडलं तर आई आधी बाबांच्या खोलीकडे बघायची, मग भांड्याकडे. बाबांनी पट्टा काढला तरी कारण तेच. आणि मारून झाल्यावर ते घामाघूम होऊन खुर्चीत बसले, की आम्हीच पाणी आणायचो. गालावर बोटं उमटलेली असताना ‘बाबा, बरं वाटतंय ना?’ असं विचारायचो. मारणारा माणूस आजारी असला की त्याच्यावर रागवायचीही सोय उरत नाही. नुसता रागीट बाप असता, तर मनातल्या मनात त्याला चार शिव्या तरी देता आल्या असत्या. इथे आपल्या मनातल्या शिवीनेही त्याला काही होईल, अशी धास्ती.

स्कूटर स्टँडवर कशी लागली, यावरून मी संध्याकाळ ओळखायचे. शिवाय माझं एक गुप्त काम होतं. शाळेतून आले की फडताळातली गोळ्यांची स्ट्रिप काढून आजची गोळी फुटलीय का, ते बघायचं. पंचांग बघावं तशी मी ती स्ट्रिप बघायचे. फुटलेली असली तर दप्तर जागेवर ठेवून अभ्यासाला बसायचे. नसली तर धाकट्या भावाला शेजाऱ्यांकडे कॅरम खेळायला पिटाळायचे. त्याला वाटायचं, ताई किती चांगली आहे. त्याला पिटाळता यायचं, कारण तो मुलगा. दिवेलागणीला मी शेजारी जाऊन बसले असते तर चारचौघांत विषय झाला असता. एकाच छपराखाली वाढलेल्या बहीण-भावांची दोन वेगळी घरं असतात ती अशी.

गोळीचा आणि रागाचा खरोखर काही संबंध होता का? डॉक्टर नसूनही आज मला वाटतं, फारसा नसावा. ऑफिसात साहेबांसमोर बाबांचं बीपी कधी वर गेल्याचं ऐकलं नाही. ते घरी येऊनच चढायचं.

आईला एकदा टाके घालावे लागले. बाकावर तिच्या शेजारी मी बसले होते. ‘न्हाणीत पाय घसरला,’ ती म्हणाली आणि डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. मी मान डोलावली. मला कुणी विचारलंही नव्हतं. पुढे पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं, की मुंबई महापालिकेने ‘सेहत’ या संस्थेच्या जोडीने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ नावाचं केंद्र काढलं. पाय घसरून आलेल्या बायकांशी तिथे कुणीतरी बसून बोलतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात रक्ताचं नातंही धरलं आहे, म्हणजे नुसती बायकोच नव्हे, एका छपराखालची लेकही दाद मागू शकते. वाचून बरं वाटलं. पण मग स्वतःचाच विचार केला. नऊ वर्षांची मी त्या बाकावरून उठून कुणापाशी गेले असते? माझ्याकडे सांगायला शब्द होता तो बीपी.

सांगणारी एक झाली, आनंदीबाई जोशी. नवव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी पुढे डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेली आणि तिथून तिने नवऱ्याला, गोपाळरावांना, पत्रात लिहिलं: दहाव्या वर्षी लाकडाने मारलंत, बाराव्या वर्षी पुस्तकं आणि खुर्च्या फेकल्यात. वयासकट. दहा वर्षांची बायको म्हणजे मूलच की. ज्याने शिकवलं त्यालाच तिने हे लिहिलं, उपकार न विसरता लिहिलं, आणि विनोद अजिबात केला नाही. फेब्रुवारी १८८७ मध्ये ती क्षयाने गेली. बावीस वर्षांचीही झाली नव्हती.

आम्ही मात्र लक्ष्मीबाईंच्या वाटेने गेलो, त्यांची प्रतिभा नसताना. आता बाबा नाहीत. सणावाराला सगळे जमले की भाऊ त्यांच्या पट्ट्याची नक्कल करतो. ‘आणि ताई मला कॅरम खेळायला हाकलायची!’ सगळे पोट धरून हसतात. मीही हसते, चार तपशील पुरवते. विनोदी करून सांगितलं की ऐकणाऱ्याला अवघडायला होत नाही, आणि बाप वाईट होता असं म्हणावंही लागत नाही. लक्ष्मीबाईंनाही ही सोय ठाऊक असणार, असा माझा आपला एक संशय.

गेल्या दिवाळीत नक्कल ऐन रंगात आली असताना माझ्या भाचीने विचारलं, ‘आत्या, पण आजोबा मारायचे तेव्हा आजी कुठे असायची?’

भावाचा हात तसाच हवेत राहिला. आई तिथेच करंज्यांचा डबा भरत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, ‘गोळी शोधत असायचे गं.’