सुपरमॅन आणि अण्णांचा प्रश्न

ज्या पानांवर एरवी संतसाहित्याची, आख्यानपरंपरेची किंवा भाषांतराच्या प्रश्नांची चर्चा होते, त्या पानांवर सुपरमॅनच्या चित्रपटांविषयी लिहावयाचे म्हणजे थोडा संकोच वाटणे साहजिक आहे. मी चित्रपटांचा अभ्यासक नाही. महाराष्ट्राबाहेरच्या एका विद्यापीठात मराठी शिकविणे हा माझा व्यवसाय आणि आख्यानकाव्य हा माझ्या आवडीचा विषय. तरीही या चित्रपटमालिकेचा मी जुना आणि बऱ्यापैकी निष्ठावंत प्रेक्षक आहे, आणि तिच्याविषयीची माझी मते हळूहळू एका प्रश्नाभोवती जमत गेली आहेत. हा प्रश्न मूळचा माझा नाही. तो माझ्या वडिलांचा आहे.

१९८१ साली, उन्हाळ्याच्या सुट्टीत, जमिनीच्या काही कामासाठी अण्णा बार्शी तालुक्यातील आमच्या गावाहून सोलापूरला निघाले होते. मी अकरा वर्षांचा. हट्ट करून बरोबर गेलो. कचेरीतले काम नेहमीप्रमाणे दुसऱ्या दिवसावर गेले आणि दुपार मोकळी राहिली. थिएटरात 'सुपरमॅन' लागला होता. अण्णांना इंग्रजीचा गंध नव्हता आणि माझे इंग्रजी मुळाक्षरांच्या फारसे पुढे गेलेले नव्हते. परंतु चित्रपट समजण्यात अडचण आली नाही. गव्हाची शेते पडद्यावर आली तेव्हा अण्णा खुर्चीत पुढे सरकून बसले. पिकाची दाटी, कोठार, जुनी मोटार, हे सगळे ते शेतकऱ्याच्या नजरेने पाहत होते. अखेरीस सुपरमॅन पृथ्वीभोवती वेगाने घिरट्या घालून काळ उलटा फिरवतो, दरडीचे दगड परत डोंगरावर चढतात, मेलेली नायिका जिवंत होते, आणि मी टाळ्या वाजविल्या. अण्णांनी वाजविल्या नाहीत. बाहेर येऊन चहा घेताना ते एवढेच म्हणाले, "बापाच्या टायमाला न्हाई सुचलं व्हय रं त्येला?"

सुपरमॅनविषयी मी पुढे पुष्कळ वाचले. पण त्या चहाच्या गाड्यावर झालेल्या समीक्षेपेक्षा नेमकी समीक्षा माझ्या वाचनात आलेली नाही.

रिचर्ड डॉनर यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९७८ च्या डिसेंबरात अमेरिकेत प्रदर्शित झाला. क्रिप्टॉन नावाचा ग्रह नष्ट होत असताना जॉर-एल हा वैज्ञानिक आपल्या तान्ह्या मुलाला पृथ्वीकडे पाठवितो; कॅन्सस प्रांतातील केंट हे निपुत्रिक शेतकरी दांपत्य त्याला सांभाळते. जन्मदात्याची भूमिका मार्लन ब्रँडो यांची, पालनकर्त्याची ग्लेन फोर्ड यांची. फोर्ड यांच्या वाट्याला फारच थोडी दृश्ये आली आहेत, आणि तरीही चित्रपटाचा सगळा भार त्यांच्यावर आहे असे मला वाटते. आपली शक्ती लपवावी लागते म्हणून मुलगा खंतावलेला असतो. बाप त्याला समजावितो की तू इथे आलास त्याला काहीतरी कारण आहे. दोघे घराकडे वळतात. मुलगा पुढे पळतो. बाप मागे राहतो, हात धरतो आणि कोसळतो. बस्स. संगीताचा गजर नाही, शत्रू नाही, अस्त्र नाही. नंतर स्मशानात मुलगा आईला म्हणतो ते असे की, अंगात एवढे सामर्थ्य असूनही मी त्यांना वाचवू शकलो नाही.

अतिमानवी नायकाच्या कथेत याहून प्रामाणिक वाक्य क्वचितच उच्चारले गेले असेल. सामर्थ्याची सीमा कोठे आहे ते चित्रपटाने सुरुवातीलाच सांगून टाकले आहे. आगगाडी अडविता येते, पडणारे विमान झेलता येते. पण थांबलेले काळीज चालू करता येत नाही.

आणि मग शेवटी तोच चित्रपट आपले बोलणे फिरवितो. लोइस लेन भूकंपात गाडीसह गाडली जाते. तिच्या मरणाचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे: पूर्वेकडे निघालेले क्षेपणास्त्र मी आधी अडवीन, असे वचन सुपरमॅनने दिलेले असते. ते तो पाळतो, म्हणून पश्चिमेकडे पोहोचण्यास त्याला उशीर होतो. आपल्याकडच्या कोणत्याही आख्यानकाराला हा प्रसंग ओळखीचा वाटेल, कारण दिलेल्या शब्दाची किंमत भलत्याच कोणीतरी मोजावी हे आपल्या महाकाव्यांचे नित्याचे दुःख आहे. पण दशरथाला जी सवलत व्यासवाल्मीकींच्या जगात मिळाली नाही, ती सुपरमॅनला मिळते. मानवी इतिहासात ढवळाढवळ करू नकोस, असा जॉर-एलचा आवाज त्याला आठवतो; तू कारणाने आला आहेस, हा शेतकरी बापाचा आवाजही आठवतो. तो दुसरा आवाज ऐकतो आणि काळ उलटवितो. ज्याला तो वाचवू शकला नव्हता, त्याच्याच शब्दांचा आधार घेऊन तो मृत्यू पुसून टाकतो. अण्णांना खटकले ते हेच. मरण जर असे परतविता येत असेल, तर पहिल्या मरणाचे काय?

१९९८ च्या जानेवारीत, पहाटे, वसतिगृहाच्या कचेरीत माझ्यासाठी दूरध्वनी आला. अण्णा गोठ्यात गेले होते, तिथेच बसले आणि उठले नाहीत. मी दिल्लीत होतो. सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीत बसून सारा दिवस आणि सारी रात्र मी घड्याळाकडे पाहत होतो. पोहोचलो तेव्हा रक्षा गार झाली होती. त्या प्रवासात माणसाच्या मनात काय काय येते ते सांगण्यात अर्थ नाही. परंतु खोटे कशाला बोलू, भुसावळच्या आसपास कोठेतरी, खिडकीबाहेरची झाडे मागे पळत असताना, सुपरमॅनची ती प्रदक्षिणा मला आठवली होती. आणि त्या चित्रपटाचा मला फार राग आला होता.

रागाने केलेली समीक्षा टिकत नाही. पुढे शांतपणे विचार करताना मी आपल्याच कथांकडे वळलो. मृत्यू परतविल्याच्या कथा आपल्याकडे नाहीत असे नाही. वनपर्वातील सावित्री सत्यवानाला परत आणते. पण त्यासाठी ती वर्षभर ते मरण एकटीने मनात बाळगते, तीन रात्रींचे व्रत करते आणि यमाच्या मागोमाग चालत, बोलत जाते. तिचे हत्यार वाणी आहे, वेग नव्हे. आश्वमेधिकपर्वात कृष्ण मृत जन्मलेल्या परीक्षिताला उठवितो तेव्हा तो आपल्या आयुष्यभराचे सत्य पणाला लावतो. आणि तोच कृष्ण अभिमन्यूला उठवीत नाही. सुभद्रा, जी त्याची बहीण, तिचे तो केवळ सांत्वन करतो. त्याला शक्य होते की नव्हते, याची चर्चा महाभारत करीत नाही. ते सुभद्रेला रडू देते. मला वाटते, मोठे आख्यान आणि रंजक आख्यान यांतला फरक येथे आहे. मोठ्या आख्यानात चमत्कार घडतो, पण तो फुकट घडत नाही, आणि एक घडला म्हणून दुसऱ्याचे दुःख तो खोटे पाडीत नाही.

ही कसोटी हाती धरून मी पुढचे चित्रपट पाहिले. १९८० चा दुसरा चित्रपट डॉनर यांनी बराचसा चित्रित केला होता. त्यांना दूर करून तो रिचर्ड लेस्टर यांच्याकडून पुरा करून घेण्यात आला. प्रेमासाठी सुपरमॅन आपले सामर्थ्य सोडतो आणि रस्त्याकडेच्या खानावळीत एका मुजोर माणसाकडून मार खातो. स्वतःचे रक्त पाहून तो चकित होतो, तो क्षण मला फार मोलाचा वाटतो. पण शेवटी एका चुंबनाने तो लोइसची स्मृती पुसून टाकतो आणि खानावळीत परतून हिशेबही चुकता करतो. पुन्हा तेच: दुःख निर्माण करावयाचे आणि मग ते खोडरबराने पुसावयाचे. २००६ साली डॉनर यांच्या मूळ योजनेप्रमाणे जुळविलेली आवृत्ती निघाली. तीत गमावलेले सामर्थ्य मुलाला परत देण्यासाठी जॉर-एलच्या स्मृतिरूपाची उरलीसुरली शक्ती खर्ची पडते आणि तो कायमचा नाहीसा होतो. येथे किंमत मोजली गेली, असे मी म्हणणार, तोच शेवटी पृथ्वी पुन्हा उलटी फिरते! काळ उलटविण्याची ती कल्पना मुळात दुसऱ्या भागाच्या शेवटासाठी योजलेली होती आणि घाईत पहिल्या भागाला जोडली गेली, हे मला तेव्हा कळले. म्हणजे अण्णांना जेथे सांधा दिसला होता, तेथे खरोखरच सांधा होता.

१९८३ चा तिसरा भाग विनोदाच्या नादाने भरकटला आहे, परंतु भंगाराच्या आवारात एकाच देहातून निघालेले दोघे, बिघडलेला सुपरमॅन आणि चष्म्यातला साधा क्लार्क केंट, एकमेकांशी झुंजतात आणि जिंकतो तो क्लार्क, हे दृश्य मी विसरू शकत नाही. १९८७ चा चौथा भाग सर्वांत फसलेला समजला जातो, आणि तो फसलेला आहेच. पैसा आटला होता, इंग्लंडमधील मिल्टन कीन्स गावाला अमेरिकेतील महानगराचे सोंग घ्यावे लागले, आणि ते लपत नाही. पण त्यात दोन गोष्टी आहेत. आई वारल्यावर क्लार्क ओस पडलेल्या शेतावर जातो, आणि तेथे बाजारपेठ बांधू पाहणाऱ्याला जमीन विकावयाचे नाकारतो. शेती करणाराच गिऱ्हाईक त्याला हवा असतो. अण्णांच्या माघारी प्लॉट पाडणाऱ्यांची माणसे आमच्या दारी येऊ लागली, तेव्हा या फसलेल्या चित्रपटाने मला अनेक चांगल्या पुस्तकांहून अधिक सोबत केली. जमीन चुलतभावाकडे वाट्याने आहे, अजून आहे. दुसरी गोष्ट अशी की, जगातील अण्वस्त्रे गोळा करून सूर्यावर फेकणारा हा नायक शेवटी कबूल करतो की, शांतता मी तुम्हाला आणून देऊ शकत नाही. एवढे थिटे चित्रपट, पण सामर्थ्याची सीमा त्याला पुन्हा सापडली.

नंतरच्या काळात ब्रायन सिंगर यांनी २००६ साली ब्रँडो यांचा जुना आवाज परत आणला. तो चित्रपट देखणा, आदरयुक्त आणि थोडा श्राद्धासारखा आहे. झॅक स्नायडर यांच्या २०१३ च्या चित्रपटात शेतकरी बाप वावटळीच्या तोंडी उभा असतो आणि मुलाचे गुपित राहावे म्हणून हात वर करून त्याला येऊ नकोस असे खुणावितो. मुलगा पाहत राहतो. या दृश्यात त्याग आहे, पण मूळची असहायता मात्र नाहीशी झाली आहे. करता न येणे वेगळे आणि करू न दिले जाणे वेगळे. पहिल्यात मुलगा तुमच्याआमच्यासारखा होतो; दुसऱ्यात तो आज्ञाधारक राहतो. जेम्स गन यांच्या २०२५ च्या चित्रपटात शेतकरी बाप जिवंत आहे, आणि ग्रहावरच्या आईबापांचा निरोप राज्य करण्याचा निघाल्यावर मोडून पडलेल्या मुलाला तो सावरतो. मुलाला घडवितो तो घरातला ओबडधोबड माणूस, हे या चित्रपटाने कोणत्याही आडपडद्याशिवाय सांगितले. मी तो मुलीबरोबर पाहिला. ती हसली, मी चष्मा पुसला.

आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. सुपरमॅनचा जनक जेरी सीगल याचे वडील १९३२ साली क्लीव्हलंड येथील आपल्या कपड्यांच्या दुकानात चोरी होत असताना हृदय बंद पडून वारले. जो शुस्टर याच्या चित्रांसह सुपरमॅन छापून आला तो १९३८ साली. या दोन घटनांना कार्यकारणाच्या दोरीने बांधण्याचा मोह मी टाळतो. पण पहिल्या चारही चित्रपटांतून उडालेला ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ साली घोड्यावरून पडला, मानेखाली लुळा झाला आणि २००४ साली मरेपर्यंत खुर्चीत बसून मज्जारज्जूच्या संशोधनासाठी झटत राहिला, हे तर सर्वांसमोर घडले. त्याच्यासाठी पृथ्वी कोणी उलटी फिरविली नाही. त्याने ती मागितलीही नसावी.

अण्णांच्या प्रश्नाला आज मी उत्तर देऊ शकतो असे वाटते. बापाच्या वेळी त्याला सुचले नाही, कारण ते सुचण्यासारखे नव्हतेच. सुचले असते तर तो गव्हाच्या शेतातून बाहेरच पडला नसता. वाचविता न आलेल्या एका माणसामुळे तो बाकीच्यांना वाचवावयास निघाला. काळ उलटविणे ही पुढे पटकथेने केलेली चूक. तिचा दोष त्या स्मशानातल्या पोराकडे जात नाही.

हे उत्तर अण्णांना पटले असते की नाही, सांगता येत नाही. चहाचा पेला खाली ठेवून ते बहुधा म्हणाले असते, "आसंल." आणि बसस्थानकाची वाट धरली असती.