आधी मूळ बघ

मंचर, भाद्रपद

चि. सौ. बेबीस,


काल तू हसत सांगितलंस, "दादा, वांगी सुकायला लागली म्हणून उसाचं उरलेलं थिमेट टाकलं." तुझ्याकडे पाव्हणे होते, म्हणून गप्प बसलो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी दोनदा फोन लावला, उचलला नाहीस. ओतूरला निघालेल्या भाच्याच्या हाती हे देतोय.

अगं, थिमेट म्हणजे फोरेट. २०२० सालाअखेर सरकारने बंद केलेलं जालीम विष! आधी कोंबड्या डालून ठेव. यंदा त्या वाफ्यातलं काहीच खायचं नाही, पोरांना तर मुळीच नाही.

सुकलेलं झाड उपटून पाहिलंस? नाहीच. अलगद हाती आलं, मुळं कुरतडलेली निघाली, तर हुमणी. मातीत पांढरी, तपकिरी डोक्याची, चंद्रकोरीसारखी वाकलेली अळी सापडेल. परसातल्या चार वाफ्यांना खुरपं नि रॉकेलच्या पाण्याचा डबा पुरतो. पुढच्या वेळी कुजलेल्या शेणखतात मेटारायझियम बुरशी मिसळ. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घे. कच्चं शेण मात्र घालू नकोस, शंभरदा सांगितलंय.

झाड खुरटलं, दुपारी मान टाकतं आणि मुळांना गाठी आहेत, तर सूत्रकृमी. तिथे झेंडू लाव, निंबोळी पेंड घाल. टोमॅटोच्या जागी वांगं, वांग्याच्या जागी मिरची हे बंद कर. सगळं एकच घराणं. पण गाठ दिसली की घाबरायचं नाही. पोरीचं बारसं होतं त्या साली गाठी बघून चवळी उपटलीस. त्या नखाने सुटत होत्या, आतून गुलाबी. ती चवळीची कमाई होती गं, नत्राची! सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, तिथे मूळच सुजलेलं असतं.

आठवतं, लहानपणी वळीव पडला की आप्पा कंदील घेऊन लिंबाखाली जायचे? फांदी हलवली की हुमणीचे भुंगेरे घोंगडीवर टपटप, आणि तू माझ्या सदऱ्याआड. हुमणीची वर्षाला एकच पिढी. तेव्हाच भुंगेरा वेचला की भाद्रपदात रडायला नको. आता कुकडीचं पाणी आलं, डिंभ्याचं आलं, ऊस आला, टोमॅटो आला. भावावर तासभर बोलतील, मुळाशी वाकणार कोणी नाही. पान पिवळं पडलं की दुकानदाराला फोटो! दुकानदार तरी काय करील? फोटोत मूळ कुठे दिसतं? घरात तरी आपण वेगळं काय करतो म्हणा.

असो. उरलेलं थिमेट ओढ्यात टाकू नकोस, जाळू नकोस. पोरांचा हात पोचणार नाही असं कुलपात ठेव. हात साबणाने धुतलेस ना तेव्हा? फोन उचल.

रविवारी येतो. खुरपं मीच आणीन, तुझं बोथट आहे.

तुझा,
दादा