वटलं का?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या मराठीत बरेच शब्द उशिरा आले. 'वटणे' हा त्यातलाच एक. चेक नुसता हातात येणं वेगळं आणि वटणं वेगळं, हे आपल्या मराठीने एका शब्दात सांगून ठेवलंय. या सेमिस्टरला बिटकॉइनवर सेमिनार दिला, तेव्हा तो शब्द मला सारखा आठवत होता.

मित्रांनो, बिटकॉइनमध्ये मध्यस्थ बँक नसते. गिऱ्हाइकाने पैसे पाठवले की तो व्यवहार जगभरच्या नोड्सकडे पसरतो आणि काही सेकंदांत दुकानदाराच्या मोबाइलवर दिसतो. पण तेव्हा तो नुसता रांगेत उभा असतो. कुणा मायनरने तो उचलून ब्लॉकमध्ये घातला की पहिलं कन्फर्मेशन मिळतं. नवा ब्लॉक यायला सरासरी १० मिनिटं लागतात. मोठ्या रकमेसाठी ६ कन्फर्मेशन्स, म्हणजे साधारण तासभर, थांबायची पद्धत आहे. आता कॉफीच्या काउंटरवर एवढा वेळ कोण थांबणार? पैसे दिसले, की दुकानदार कप पुढे सरकवतो.

मेख इथेच आहे. पहिला व्यवहार रांगेत असतानाच गिऱ्हाईक तेच बिटकॉइन जास्त फी लावून स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर पाठवू शकतं. मायनर साहजिकच जास्त फीवाला व्यवहार उचलतो. दोन्हींपैकी एकच ब्लॉकमध्ये जाऊ शकतो, त्यामुळे दुकानदाराचा बाद! याला डबल स्पेंडिंग म्हणतात. बिटकॉइन कोअर या सॉफ्टवेअरमध्ये २०१६ पासून, पाठवणाऱ्याने तशी खूण केली असेल तर, व्यवहार असा बदलता येतो. २०२४ च्या २८ व्या आवृत्तीपासून तर खुणेचीही गरज उरली नाही. ही सोय चोरांसाठी केलेली नाही. कमी फीमुळे अडकलेला व्यवहार सोडवायला ती लागतेच. पण चाकू भाजी चिरायला घेतला तरी बोट कापू शकतोच ना!

ही नुसती थिअरी नाही. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये कॅनडात काही जणांनी बिटकॉइन एटीएमवर हाच डाव टाकला. मशिन कन्फर्मेशनची वाट न बघता नोटा द्यायचं, आणि नोटा हातात पडल्या की हे लोक मागचा व्यवहार रद्द करायचे. दहा दिवसांत ११२ व्यवहार झाले आणि सुमारे १,९५,००० कॅनेडियन डॉलर गेले. त्यातले निम्मे व्यवहार एकट्या कॅलगरी शहरातले होते.

सेमिनारनंतर माझी रूममेट म्हणाली, "मग थांबावं ना दुकानदाराने! चूक त्याचीच." मला हे पटत नाही. सांगलीत माझ्या काकांचं स्टेशनरीचं दुकान आहे. आपल्याकडे बिटकॉइन हे कायदेशीर चलन नाही, त्यामुळे त्यांना त्याची भानगड नाही. पण जून महिन्यात, वह्यांच्या गर्दीत, एकाने मोबाइलवरची हिरवी टिक दाखवून १,४०० रुपयांचा माल नेला. टिक खोटी होती. काका थांबले असते तर मागची वीस माणसं ओरडली असती. घाई सगळ्या रांगेची, नुकसान मात्र एकट्या काकांचं! आता पैसे आल्याचं सांगणारा स्पीकर त्यांनी लावलाय. तो बँकेकडून खात्री झाल्यावरच बोलतो. कन्फर्मेशन नसलेल्या बिटकॉइनसाठी असं खात्रीने बोलणारं कुणीच नसतं.

उपाय आहेत. चहा-कॉफीच्या रकमेपुरता धोका पत्करता येतो. लॅपटॉप विकायचा असेल तर थांबायलाच हवं. छोट्या रकमांसाठी लाइटनिंग नेटवर्क आहे, त्यात प्रत्येक पेमेंटला ब्लॉकची वाट बघावी लागत नाही.

पण मला खरी काळजी आपल्या लोकांची, म्हणजे इंजिनिअरांची वाटते. दोन वर्षांनी आपल्यापैकीच कुणीतरी पेमेंटची अ‍ॅप्स बनवणार. तेव्हा "पैसे आले" मोठ्या हिरव्या अक्षरांत आणि "अनकन्फर्म्ड" कोपऱ्यात बारीक करड्या अक्षरांत, असा स्क्रीन कृपया बनवू नका. काउंटरमागच्या माणसाला कोड वाचता येत नाही, तो फक्त रंग बघतो. दिसलेले पैसे आणि वटलेले पैसे त्याला वेगवेगळे दिसले पाहिजेत. एवढं आपल्याला जमायला हरकत नाही.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी